डॉक्टरांची दुसरी फुंकर

आंबा न हुंगता विकत घेणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. कर्जतच्या बाजारात पाटीवाली आंबा त्यांच्या नाकाशी धरायची, "वास तर घ्या, डाक्टर!" म्हणायची, आणि हे गृहस्थ मान अशी मागे घ्यायचे की बघणाऱ्याला वाटावं, बाईने साप पुढे केलाय. "वास हा पुरावा नाही. काप." ती कुरकुरत एक आंबा कापायची. हे फोड चाखायचे आणि पाटी घरी न्यायचे. त्यातले अर्धे आंबट निघायचे, कारण कापलेला आंबा बाकीच्यांची हमी थोडीच घेतो?

काकू, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणायची, "लग्न झाल्यावर दोन गोष्टी शिकले. एक मुरंबा करायचा आणि दुसरं, डाळ गॅसवर असताना शेजारी जायचं नाही." कारण डाळ करपून घरभर वास सुटला तरी डॉक्टर पेपर वाचत बसायचे. धूर डोळ्यांना दिसला, की मग उठायचे.

आणि गंमत अशी, की त्यांच्यासारखं तिखट नाक आमच्या कर्जत-खालापुरात दुसरं नव्हतं. मी त्यांच्या फाटकातून आत आले की व्हरांड्यातूनच आवाज यायचा, "सिस्टरबाई, आज सुकट का?" मी हो म्हटलं की लगेच पुढे जोडायचे, "हे आपलं बोलणं झालं. लिहून देणार नाही."

मी तेव्हा तरुण होते. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची. हसू नका, सत्तरी ओलांडल्यावर मागे वळून बघा, अठ्ठावन्नची बाई अगदी परकरी पोर दिसते, आणि अक्कलही साधारण तेवढीच. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाले होते, घरी सुनेला सल्ले देऊन देऊन तिला जीव नकोसा केला होता. तेवढ्यात खालापूरच्या पुढे माळ सपाट करून एका कंपनीने हेलिकॉप्टरं आणली. रविवारी मुंबईकरांना डोंगरावरून फिरवायचं, आणि लग्नसराईत नवरदेवाला आणायचं, मांडवावर फुलं टाकायची. आमच्याकडे आता नवरदेव नुसता घोड्यावर आला तर पाहुणे हळूच विचारतात, काही अडचण होती का म्हणून.

हेलिकॉप्टर उडवण्याआधी पायलटला रोज एका यंत्रात फुंकावं लागतं. दारू प्यायलेला असेल तर यंत्र आकडा दाखवतं, नसेल तर शून्य. ही तपासणी करायला कंपनीने पळसदरीला राहणारे हे निवृत्त डॉक्टर नेमले आणि त्यांच्या हाताखाली, साक्षीदार म्हणून, मी.

विमान कंपनीत नोकरी लागली, मग काय! पहिल्या दिवशी मी मोरपंखी साडी नेसले, अबोलीचा गजरा माळला, तोंडाला पावडर आणि भाच्याने दुबईहून आणलेलं सेंट मानेवर, मनगटावर, पदरावर. आरशात मला साक्षात हवाई सुंदरी दिसली. गुडघे तेवढे तिचे नव्हते. तपासणीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि डॉक्टर उठून बाहेर गेले.

"सिस्टरबाई, त्या सेंटात दारू असते. तुम्ही या खोलीत उभ्या राहिलात तर पायलट सोडा, टेबलसुद्धा फेल होईल. नळ तिकडे आहे."

आख्खं ऑफिस बघत असताना मी नळाखाली मान धुतली. पावडर वाहून ब्लाऊजवर आली. त्या संध्याकाळी नोकरी सोडायची असं मी ठरवलं आणि पुढची पाच-सहा वर्षं रोज संध्याकाळी ठरवत राहिले.

डॉक्टरांची रीत ठरलेली. यंत्रात पहिली फुंकर स्वतःची. नवी नळी लावायची, छाती भरून फुंकायचं, शून्य आलेलं मला दाखवायचं, मग पायलटला बोलवायचं. "माणसाविरुद्ध बोलण्याआधी यंत्राने स्वतः शुद्धीवर आहे हे दाखवावं," असं म्हणायचे. हे सगळं व्हायचं कॅमेऱ्यासमोर. एकदा पायलटने फुंकलं, की ते पुसता येत नाही. आकडा आला तर खळखळून चूळ भरायला लावायची, थोडा वेळ बसवायचं आणि पुन्हा फुंकायला लावायचं. दुसऱ्यांदाही आकडा आला, की कागद वर जातो आणि पायलटचा परवाना अडकतो.

यातून निसटायची एक वाट होती, ती या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक होती. फुंकण्याआधीच पायलट म्हणाला, मला आज बरं वाटत नाही, तर त्याला घरी जाता येतं. नाव नाही, डाग नाही. डॉक्टर या वाटेला मागचं दार म्हणायचे आणि तिचा त्यांना भारी तिटकारा. कोणी पायलट पोट धरून आला की ते त्याच्याकडे न बघता म्हणायचे, "जा बाबा, जा. मागचं दार उघडंच आहे." तो बिचारा खरंच जुलाबाने हैराण असला तरी लाजून अर्धमेला व्हायचा.

या सगळ्यांत एक पायलट मात्र डॉक्टरांचा लाडका. पोरगा इथलाच, हायवेवरच्या कुंभिवलीचा. बापाने रस्त्यालगतचं शेत विकून त्याला पायलट केलं होतं. उरलेल्या तुकड्यावर आईने चहा-भज्यांचं हॉटेल टाकलं होतं. पोरगं हिंदी, इंग्रजी फाडफाड बोलायचं, पण आमच्यात आलं की "मावशी, च्या हाय का गं?" डॉक्टरांना तो काका म्हणायचा. डॉक्टरांना मूल नव्हतं. ते त्याला पळसदरीच्या धरणावर फिरायला न्यायचे आणि श्वासाबद्दल बोलायचे. दुसरं कोणी ते ऐकून घेतलं नसतं. मोबदल्यात दर वैशाखात पोराची आई डॉक्टरांकडे एक बरका फणस धाडायची. बरका म्हणजे तो मऊ, गिळगिळीत, रसाचा. डॉक्टर तो न हुंगता कापायचे आणि दर वर्षी तो गोड निघायचा. काकू म्हणायची, "या घरात एवढं एकच फळ भरवशाचं."

त्या फणसानेच एकदा धमाल उडवली. अशाच एका फणसातले गरे पोराने ऑफिसात वाटले. उत्तरेकडचा एक वयस्कर पायलट होता, सज्जन माणूस, त्याने कौतुकाने बचकभर खाल्ले आणि तोंड पुसत यंत्रात फुंकलं. आकडा! मॅनेजरचा चेहरा पडला. तो पायलट देवाची शपथ घ्यायला लागला. आणि मी? मी मनातल्या मनात निकाल देऊन मोकळी. मला म्हणे त्याच्या डोळ्यांवरून आधीपासूनच संशय होता! खरं तर त्याला मोतीबिंदू होऊ घातला होता.

डॉक्टरांनी त्याला चूळ भरायला लावली, बसवलं, पुन्हा फुंकायला लावलं. शून्य. मग काय झालं, डॉक्टरांनी फणसाचं ताट ओढलं, उभ्या उभ्या गरे हाणले आणि सगळ्यांसमोर यंत्रात फुंकलं. यंत्र बोंबललं.

"काका पिऊन आलं रं!" पोरगा हसून हसून खाली बसला.

डॉक्टर शांतपणे दाढीवरचा रस पुसत म्हणाले, "पिकलेला फणस आंबतो. त्याची दारू तोंडात असते, रक्तात नाही. चूळ भरली, वेळ गेला, की संपली. पहिला आकडा तोंडाचा असतो, दुसरा माणसाचा. म्हणून एका आकड्यावर कुणाला फासावर चढवायचं नाही."

ते एवढं कळवळून का बोलले, हे मला पुढे कळलं. एकदा कंपनीची गाडी उशिरा येणार होती म्हणून आम्ही पळसदरीच्या धरणाच्या भिंतीवर बसलो होतो. मी सहज विचारलं, "डॉक्टर, देवाने एवढं नाक दिलंय, ते वापरत का नाही तुम्ही?"

त्यांनी सांगितलं ते असं. तरुणपणी ते घाटाखालच्या एका दवाखान्यात होते. पोलिसांनी एक ट्रक ड्रायव्हर आणला. गाडी कठड्यावर घातलेली, झोकांड्या खातोय, जीभ जड, तोंडाला गोडसर आंबूस वास. रक्त घ्यायची बाटली कपाटात आणि कपाटाची किल्ली जेवायला गेलेल्या माणसाकडे. डॉक्टरांनी थांबायला हवं होतं. त्यांनी नाकावर विश्वास ठेवून लिहून दिलं, दारूचा वास येतो. पोलिसांनी त्याला कोठडीत टाकलं. त्याला दारू नव्हे, साखर चढली होती. मधुमेह पार हाताबाहेर गेला की श्वासाला तसाच वास येतो. कोठडीतच तो बेशुद्ध झाला आणि गेला.

"त्याची बायको आली होती," डॉक्टर म्हणाले. "ओरडली नाही. एवढंच म्हणाली, साहेब, त्यांनी कधी थेंब घेतला नाय ओ. तेव्हापासून मी नाकाला कामावरून काढून टाकलं."

मी नर्स म्हणून उभा जन्म काढलेला. काहीतरी बोलायला हवं होतं. मी काय म्हणाले माहीत आहे? "गाडी आली वाटतं." गाडी आली नव्हती.

आणि मग तो मे महिन्यातला दिवस.

पोशीरला मोठं लग्न होतं, मांडवावर फुलं टाकायची होती आणि उडवणार होता आमचा पोरगा. आदल्या दिवशी त्याच्या चुलत बहिणीची हळद. हळदीला आमच्याकडे काय चालतं ते मी सांगायला नको. घरचा पायलट म्हटल्यावर प्रत्येक काका-मामाने त्याला आपल्या हाताने ग्लास दिला असणार. त्याला वाटलं असणार, झोप काढली, वरून ताक प्यायलो, उतरली.

सकाळी तो आला तो खांद्यावर फणस घेऊन. पायरीवर बसून त्याने तो सगळ्यांसमोर फोडला, सगळ्यांना वाटला आणि स्वतः खाताना जरा जास्तच "वा, वा" केलं. मी चार गरे मटकावले. कोयती पुसून ठेवताना मला वाटलं, किती गुणाचं पोर आहे!

डॉक्टर आले आणि दारातच थांबले. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. फणसाचा घमघमाट होताच, त्याचंच काही असेल असं मला वाटलं. ते पोराकडे बघत राहिले.

"तब्येत बरी आहे ना रे?"

"एकदम फस्क्लास, काका."

"झोप?"

"झाली की."

"उन्हाळ्यात पोट बिघडतं कधी कधी. बरं वाटत नसेल तर सांग. कोणी काही म्हणणार नाही."

"नाय ओ काका, ठणठणीत हाय!"

मी कान टवकारले. हा माणूस कुणाला तब्येत विचारत नसे. म्हटलं, म्हातारपणी बोलका झाला!

मॅनेजर घाई करत आला. "डॉक्टर, आवरा हो. पोशीरहून नवरदेवाची आत्या सारखी फोन करतेय." त्याने कॅमेरा सुरू केला.

डॉक्टरांनी नळी लावली, फुंकलं. शून्य. मला दाखवलं. मग ती नळी काढून टाकली, दुसरी लावली आणि पुन्हा स्वतःच फुंकलं. हळूहळू, लांबवत, पोराकडे बघत. पुन्हा शून्य. इतक्या वर्षांत ते कधी दोनदा फुंकले नव्हते. पोराने माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवलं, म्हणजे काका विसरले. मीही ओठ दाबून हसले. दोन शहाणी माणसं आम्ही!

मग पोराने फुंकलं. आकडा आला.

"फणस, काका," तो हसत म्हणाला.

"चूळ भर," डॉक्टर म्हणाले.

त्याने चूळ भरली. आम्ही बसलो. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून बसले. बाहेर फुलांच्या टोपल्या हेलिकॉप्टरमध्ये चढत होत्या, झेंडूचा वास खोलीत येत होता. पोरगा आधी पाय हलवत होता, मग त्याने तेही थांबवलं.

दुसऱ्यांदा फुंकलं. आकडा जवळपास तेवढाच.

"काका, फणस लिवा," तो हळूच म्हणाला. मग जरा मोठ्याने, "तुमीच तर खाऊन दाखवलं हुतं! सगळ्यांनी बघितलंय. मावशी, सांग ना गं!"

मी जमिनीकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "पहिला आकडा फणसाचा असेल. हा तुझा आहे, बाळा." आणि त्यांनी सही केली. माझीही घेतली.

पोशीरला त्या दिवशी फुलं पडली, पण गच्चीवरून. नवरदेवाच्या आत्याने प्लास्टिकच्या टबातून टाकली, आणि टबही एकदा हातातून सुटला, असं म्हणतात.

पोराचा परवाना काही महिन्यांपुरता थांबवला. कायमचा नव्हे. पण कंपनीने त्याला काढून टाकलं, बातमी फोनाफोनी फिरली, दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नाही. हळदीत ग्लास देणारे मामा-काकाच पहिले दारुडा म्हणाले. पोरगा परत उडालाच नाही. आईच्या हॉटेलात गल्ल्यावर बसायला लागला.

त्याची आई एकदा डॉक्टरांकडे आली. मी काकूबरोबर व्हरांड्यात वाल सोलत होते. ती आत आली नाही, पायरीवर टेकली. मला वाटलं आता शिव्या देणार. तिने एवढंच विचारलं, "डाक्टर, तुमी दारात उभं ऱ्हायला तवा वास नाय आला तुमाला?"

डॉक्टर खोटं बोलू शकले असते. त्यांच्याकडे तर वाक्य तयार होतं. वास हा पुरावा नाही, म्हणायचं. ते म्हणाले, "आला होता."

"मंग? कान धरून घरी का नाय हाकलला त्याला? तुमचंच पोर म्हनत व्हता ना?"

वालाच्या शेंगा माझ्या हातात तशाच राहिल्या. तिने पदर सारखा केला आणि ती निघून गेली.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी नोकरी सोडली. मग मीही. त्यानंतर एकदा आम्ही पुन्हा धरणाच्या भिंतीवर बसलो होतो. डॉक्टर आपणहून म्हणाले, "सिस्टरबाई, त्या दिवशी मी दोनदा का फुंकलं, कळलं तुम्हाला?"

"विसरला होतात ना?"

"त्याला वेळ देत होतो. वाटलं, आता म्हणेल, काका, बरं वाटत नाही. मी मागचं दार उघडं धरून उभा होतो. पण इतकी वर्षं मीच त्या दाराची टवाळी केली, त्याला कसं कळावं, की आज मी जा म्हणतोय? तोंडाने सांगायला हवं होतं. जा म्हणून."

या खेपेलाही मी काही बोलले नाही. पण निदान गाडी आली असं तरी म्हणाले नाही. थोडी सुधारले होते.

त्यानंतर बाजारात मी एक नवल पाहिलं. पाटीवालीने आंबा पुढे केला आणि डॉक्टरांनी तो दोन्ही हातांत घेऊन नाकाला लावला. डोळे मिटून कितीतरी वेळ हुंगत राहिले. "पिकलाय," म्हणाले. पाटीवाली माझ्याकडे बघायला लागली. काकूचे मुरंबे बंद झाले. कुंभिवलीचा फणसही तेव्हापासून आला नाही.

डॉक्टर गेले त्याला आता तीन पावसाळे होतील. पोरगा आला नव्हता.

यंदा नात मला गाडीने खोपोलीला घेऊन चालली होती. कुंभिवली आली तशी मी म्हटलं, "थांब गं, चहा घेऊ." तिला वाटलं, आजीला भजी हवीत. तेही खोटं नव्हतं.

गल्ल्यावर तोच होता. कानाशी केस पांढरे, पोट सुटलेलं. मला बघून उभा राहिला. "मावशी! बस गं, बस." चहा स्वतः घेऊन आला आणि समोर बसला. इकडचं तिकडचं झालं. डॉक्टर गेल्याचं त्याला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "त्या दिवशी डॉक्टर दोनदा फुंकले होते. आठवतं?"

"आठवतं ना. इसारलं व्हतं म्हातारं."

"विसरले नव्हते रे." आणि भिंतीवर ते जे बोलले, ते मी त्याला जसंच्या तसं सांगितलं.

तो टेबलावरचा चहाचा ओघळ बोटाने पुसत राहिला. मग म्हणाला, "त्यांना समाजलंय ते मला दारातच कळलं व्हतं, मावशी. नाक हाललं ना त्यांचं. मी म्हटलं, काका हायेत. काका संबाळून घेतील. म्हनून तर बोललो नाय."

हायवेवरून एक ट्रक धडधडत गेला. तो उठून आत गेला. मला वाटलं, आता येणार नाही. आला तो फणस घेऊन. गाडीची मागची सीट पुढे ढकलून त्याने तो नीट बसवला, खाली पोतं घातलं. "पळसदरीला काकीला दे," म्हणाला. "बरका हाय. सांग तिला, न हुंगता काप."

खोपोलीचा बेत सोडून आम्ही पळसदरीकडे मागे वळलो. गाडीत वास नुसता कोंदला होता. नातीने काच खाली करायला हात नेला, मी म्हटलं, राहू दे.

काकूने दार उघडलं. आता ती काठी टेकत चालते. फणस टेबलावर ठेवला तशी तिने विचारलं नाही, कुणी दिला. त्याच्या काट्यांवर हात ठेवून उभी राहिली.

"दर वैशाखात विचारायचे," ती म्हणाली. "सकाळी उठले की आधी तेच. कुंभिवलीहून काही आलं का?"